जवाची माडी

मुक्काम थॉर्नक्रीक, परगणा केंट, विलायत
ता. १२ मे १९२९

तीर्थरूप बाबा आणि आये, दोघांच्या पायांवर लवूचं डोकं. राहीला पाठीत एक धपाटा.

मी जिवंत आहे, खुशाल आहे, दोन वेळा पोटभर जेवतो आहे. दोन वर्षं चार महिने कागदाचा कपटासुद्धा पाठवला नाही. त्याबद्दल काय लिहावं ते सुचेना, म्हणून आधी हे लिहून टाकलं. राही, पत्र तूच वाचत असणार. बाबा पडवीत कोयतीला धार लावत बसले असतील आणि आपण ऐकतच नाही असं दाखवत असतील. तू थांबू नकोस, मोठ्याने वाच.

घरातून निघालो तो मुंबईला गेलो आणि बोटीवर खलाशी म्हणून लागलो. एडन, पोर्ट सईद, लंडन, परत मुंबई, पुन्हा तेच. मुंबईला आमची बोट तीनदा लागली. रत्नागिरीची आगबोट सुटते तो धक्का तिथून दिसतो. चढलो नाही. असो.

फेब्रुवारीत लंडनच्या गोदीत बोटीच्या शिडीवरून पडलो आणि उजवा पाय मोडला. हसायचं तर हसा. बापाने जन्मभर चाळीस-चाळीस हातांचे माड चढावेत आणि मुलाने चार हातांच्या शिडीवरून पडावं! आयेला सांग, पाय आता सरळ आहे. हवा बदलली की ठणकतो, एवढंच. बोट मला इस्पितळात टाकून निघून गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, परतीची बोट ऑक्टोबरात, तोवर तुझी सोय तू बघ.

ती सोय शेजारच्या खाटेवरच निजली होती. मिस्टर टॉमलिन नावाचा पासष्टीचा म्हातारा. गोदीत रिकामी पिंपं आणायला आला आणि घोडागाडीवरून पडला, त्याचाही पायच मोडला. दीड महिना आम्ही दोघे छताकडे बघत पडलो. बोटीवर शिकलेलं माझं मोडकं इंग्रजी त्याने तिथेच दुरुस्त केलं. सुटताना म्हणाला, "माझं घर रिकामं आहे, बायको वारली. तू फळीवरचं सामान काढून दे, मी चहा करतो." असा मी थॉर्नक्रीकला आलो.

बाबा, हे गाव बघाल तर तुम्हाला परकं वाटणार नाही. खाडी आहे, भरती-ओहोटी आहे, चिखलात कलंडलेली गलबतं आहेत. त्यांची शिडं मात्र काताच्या रंगाची. खाडीच्या तोंडाला लालबुंद विटांची एक उंच इमारत आहे, तिच्यातून आठवड्यातून दोनदा गोडसर वाफ निघते आणि सगळ्या गावभर पसरते. पहिल्या दिवशी ती वाफ नाकात गेली आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. माडीची मडकी ठेवतो त्या आपल्या मांगराचा वास! थेट तोच नव्हे, पण त्याच्या चुलत घराण्यातला.

ती हॅलम नावाच्या मालकाची भट्टी. तिथे एल नावाची बियर करतात. मी तिला जवाची माडी म्हणतो. जव भिजवून मोड आणायचे, भट्टीत वाळवायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे. ते गोड पाणी हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं. मग निवलं की विरजण लावायचं. आपल्या माडीला कुणी विरजण लावतं का? ती मडक्यात उतरता उतरताच आंबायला लागते. टॉमलिनला हे सांगितलं तर त्याला खरं वाटेना. म्हणाला, "झाडावरच? भट्टीशिवाय?" मी म्हटलं, देव कोकणावर जरा जास्त खूश आहे.

हॅलमच्या मालकीचे अकरा पब आहेत. पब म्हणजे गुत्ता नव्हे हो. आयेने तोंड वाकडं केलं असेल, म्हणून खुलासा करतो. पब म्हणजे निम्मं दुकान आणि निम्मी ओसरी. शेकोटी असते, तिच्यापुढे कुत्रं झोपलेलं असतं. म्हातारे सोंगट्या खेळतात, दोन म्हाताऱ्या कोपऱ्यात छोटे पेले घेऊन गावभरच्या सुनांची उणीदुणी काढतात. दुपारी ठरल्या वेळी दार बंद, संध्याकाळी पुन्हा उघडं, असा सरकारी कायदा आहे. पिंपं खाली तळघरात गारव्याला असतात. प्रत्येक पिंप आडवं निजवायचं, वरच्या भोकात लाकडाची खुंटी मारायची म्हणजे आतला वारा हळूहळू जातो. दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. मग वर बसल्या जागी दांडा ओढला की एल नळीतून वर येते. या अकरा तळघरांवर नजर ठेवणं हेच टॉमलिनचं काम. पायामुळे त्याला तळघराच्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून मी उतरतो. पिंपातून पेलाभर काढून वर आणतो. तो आधी मला वास घ्यायला लावतो, "काय वाटतं?" असं विचारतो, मग स्वतः चाखतो. चूळभर घ्यायची आणि थुंकायची. तुमचीच रीत.

पबांना नावंही असतात. एकाचं नाव शेतातला नांगर, दुसऱ्याचं गलबताचा जुना नांगर. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. मी टॉमलिनला सांगितलं की आमच्याकडे शेतकरी आणि दर्यावर्दी एकाच शब्दावर भागवतात. तो दिवसभर "नांगर, नांगर" घोकत गाडी हाकत होता.

जुना नांगर हा पब गावापासून दूर दलदलीच्या कडेला आहे. मिसेस लॅम नावाची विधवा बाई तो चालवते. पहिल्या दिवशी मी बाकावर टेकलो तसा शेजारचा एक माणूस आपली खुर्ची उचलून लांब जाऊन बसला. बाई हातातलं फडकं टाकून आली आणि म्हणाली, "खुर्ची माझी आहे, होती तिथे ठेव. बूड तुझं आहे, ते कुठेही ने." सगळा पब हसला. तो माणूसही शेवटी हसला. बाईने माझ्यापुढे वाटीभर तिसऱ्या ठेवल्या, शिंपल्यांसकट. होय आये, तिसऱ्या! उकडलेल्या, वर सिरका शिंपडलेला. नारळ नाही, तिखट नाही, पण तिसऱ्याच.

आणखी एक गंमत. एल गढूळ राहू नये म्हणून तिच्यात एक चिकट पाणी घालतात, सगळा गाळ तळाशी बसतो. ते कशाचं करतात म्हणून विचारलं. टॉमलिनने गोणीतून पिवळट, वाळलेला, कातड्यासारखा तुकडा काढून दिला. मी बघतच राहिलो. घोळ माशाचा बोत, त्याच्या पोटातली हवेची पिशवी! कोळीण गोदूबाई आपल्या दारासमोर वाळत घालते आणि मुंबईचा व्यापारी घेऊन जातो, तोच. गोणीवर मुंबईचा शिक्का होता. तो कुठे जातो हे आपल्याला कधी कळलं नव्हतं. तिला सांगा, विलायतेचे साहेब तुझ्या घोळीच्या जिवावर नितळ पितात.

टॉमलिनने मला इस्पितळातच विचारलं होतं, तुझा बाप काय करतो. मी काहीतरी सांगितलं. बाबा, रत्नागिरीच्या त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर पत्र लिहायला बसलो होतो. पण तिसऱ्या आणि घोळीतच जागा संपली. कागद अजून उरला आहे हे राहीला दिसतंच आहे. तिने ते बोलू नये.

तुमचा,
लवू


थॉर्नक्रीक
ता. ४ ऑगस्ट १९२९

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. आयेलाही सांगा, राहीला आशीर्वाद. मागचं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट न बघता हे लिहितो, कारण मधल्या काळात इथे एक प्रकरण झालं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

आधी टॉमलिनचं गुपित सांगतो. आता ते गुपित राहिलेलं नाही. जूनमध्ये एकदा मी पेला नीट न विसळता भरून आणला. त्यात आधी तिसऱ्यांचा सिरका होता. नाकाशी नेला असता तर लहान पोरालाही कळलं असतं. टॉमलिनने घाईत वास घेतला आणि म्हणाला, "स्वच्छ आहे." मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग पेला खाली ठेवून हळूच म्हणाला, "अठरा सालच्या तापात नाक गेलं. अकरा वर्षं मला कशाचाही वास येत नाही, लवू. चवही नाममात्र."

अकरा वर्षं तो रंग बघून, खुंटीची फसफस ऐकून, लोकांचे चेहरे वाचून निभावत होता. मी आल्यापासून माझ्या नाकाने. राहतं घर भट्टीचं आहे, नोकरी गेली की घरही गेलं. त्याने माझा हात धरला आणि कुणाला सांगू नको म्हणाला. मी शब्द दिला.

आणि नेमकी त्याच महिन्यात मिसेस लॅमकडची एल आंबट व्हायला लागली. एक पिंप झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. बाकी दहा पबांत तक्रार नाही, फक्त हिच्याकडे. मालक हॅलम म्हणाला, तळघर घाण असणार. टॉमलिनला विचारलं, तर तो मान हलवून "असेल" म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार? हॅलमने बाईला जुलैअखेर पब खाली करायला सांगितलं. बावीस वर्षं तिथे आहे ती.

मी तिच्या तळघरात उतरलो. बाबा, फरशी आपल्या सारवलेल्या अंगणासारखी होती. नळ्या, खुंट्या, भिंतीचे कोपरे, मी कुत्र्यासारखा हुंगत फिरलो. कुठे काही नाही. आंबट वास होता तो फक्त पिंपाच्या आत. तेव्हा तुम्ही उभे राहिलात माझ्यासमोर. सकाळची माडी दुपारी कुणी नासकी म्हटली की तुम्ही म्हणायचात, "मडक्यात खोट असेल तर सकाळी कळायची नाय, उन्हं चढली की कळंल." इतर पबांत पिंप तीन दिवसांत संपतं. मिसेस लॅमचा पब दूर आहे, गिऱ्हाईक थोडं, पिंप नऊ-दहा दिवस टिकतं. म्हणजे खोट सगळ्याच पिंपांत होती. ती उघडी पडायला फक्त हिच्याकडेच वेळ मिळत होता.

दुसऱ्या दिवशी भट्टीत गेलो आणि एकेक भांडं हुंगलं. तांब्याची कढई चांगली. आंबवणाच्या कोठ्या चांगल्या. शेवटी कोपऱ्यात विरजण राखायचा लाकडी हंडा होता. हॅलमच्या आजोबांच्या वेळचा, शकुनाचा म्हणून सांभाळलेला. बुडाशी एक चीर, ती डांबराने बुजवलेली. मी नाक खाली नेलं. बाबा, मांगरात एकदा तडा गेलेलं मडकं मी धुऊन पुन्हा लावलं होतं, आठवतं? तुम्ही ते माझ्या नाकाखाली धरलंत, म्हणालात, "हा वास ध्यानात ठेव," आणि दगडावर आपटून फोडलंत. तोच वास.

टॉमलिनला अंगणात गाठून सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मालकाला कळायलाच हवं. पण कुणाच्या नाकाने कळलं असं तो विचारणार." टॉमलिन एका रिकाम्या पिंपावर बसला. बराच वेळ काठीने माती उकरत राहिला. मी म्हटलं, "मी तुला शब्द दिला आहे. तू नको म्हणालास तर मी बोलणार नाही." तर तो म्हणाला, "माझं घर वाचावं म्हणून तिचं जाणार होतं, आणि त्याला मीच मान डोलावली. चल, हात दे." आणि लंगडत थेट कचेरीत गेला.

तिथे त्याने काही मागे ठेवलं नाही. हॅलम ऐकत राहिला. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, भला माणूस आहे, पण आजोबांच्या हंड्याला नावं ठेवली म्हणून लाल झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्या तीन पिढ्या यात गेल्या. तू खलाशी. तुला कुणी शिकवलं?"

मी बोलायच्या आधीच टॉमलिनने माझी बाजू सावरली. "याच्या बापाची नारळाची मोठी बाग आहे. नोकरचाकर आहेत, ते ताडी काढतात. हा धन्याचा मुलगा, लहानपणापासून बघत आला आहे."

हे मीच त्याला सांगितलं होतं. इस्पितळात, पहिल्याच आठवड्यात. सातासमुद्रापलीकडे, जिथे माडी काढणारा भंडारी कोण आणि कोण नाही हे कुणाला ठाऊकही नाही, तिथेसुद्धा माझ्या तोंडून तेच निघालं होतं. रत्नागिरीला निघालं होतं तेच.

राही, इथून पुढे सावकाश वाच. आये, तुला हे कधीच कुणी सांगितलं नसेल. त्या दिवशी मी शाळामास्तराच्या जागेसाठी रत्नागिरीला गेलो आणि सातवीचा दाखला घरीच विसरलो. बाबा दाखला घेऊन आपल्या पावस गावाहून पायी आले, भाट्याची खाडी तरीने ओलांडून, धावतपळत. कमरेला कोयती तशीच होती. शाळेच्या दारात उभे राहिले. आत हेडमास्तर होते, आणखी चार उमेदवार होते, सगळे पांढरपेशे. हेडमास्तरांनी विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "आमच्याकडचा गडी. माड उतरवतो."

बाबांनी ते ऐकलं. दाखला टेबलावर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "होय गुरुजी. धन्यानं दिलान, तो घेऊन आलो." आणि गेले.

तुम्ही माझं खोटं आपल्या अंगावर घेतलंत, बाबा. शिव्या दिल्या असत्या, तिथेच कानफटात मारली असती, तर मी संध्याकाळी घरी आलो असतो. तुम्ही "होय गुरुजी" म्हणालात, म्हणून मला येता आलं नाही.

तर हॅलमच्या कचेरीत मी म्हणालो, "साहेब, हे खोटं आहे. बाग दुसऱ्याची. माझा बाप स्वतः माड चढतो. सकाळी आणि संध्याकाळी, उघड्या अंगाने, कोयती घेऊन. त्याचं नाव जानू. तडा गेलेल्या मडक्याचा वास त्याने मला शिकवला. मी मन लावून शिकलो नाही, तरी एवढं राहिलं." एका दमात सगळं बोललो. टॉमलिन नाक शिंकरत होता. त्याचा काही उपयोग नव्हता, तरी शिंकरत होता.

हॅलमने किल्ल्यांचा जुडगा उचलला. मग म्हणाला, "बघू तुझ्या बापाचं म्हणणं." त्याच आठवड्यातलं एक पिंप त्याने भट्टीच्या स्वतःच्या तळघरात कुलपात ठेवलं. मिसेस लॅमला थांब म्हणून निरोप दिला. दहाव्या दिवशी सगळ्यांदेखत उघडलं. पहिला घोट त्यानेच घेतला, आणि तोंड असं केलं की जणू कच्चं करवंद चावलं! दुसरं काही न बोलता कुऱ्हाड मागवली आणि आजोबांच्या हंड्यावर पहिला घाव स्वतः घातला.

नवं विरजण शेजारच्या गावच्या भट्टीतून आलं. काल त्या एलचं पहिलं पिंप मिसेस लॅमकडे उघडलं. दलदलीच्या कडेला मी एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. गलबतांवरचे तांडेल, वीटभट्टीवरची माणसं, तो खुर्चीवाला, सगळे. हॅलम बाकावर चढला, चूक आपल्या घराची होती म्हणाला आणि मिसेस लॅमची माफी मागितली. मग पेला उंच करून ओरडला, "जॅनू!" आणि सगळा पब ओरडला, "जॅनू!" बाबा, साठ-सत्तर विलायती माणसं तुमचं नाव गर्जत होती, तेही चुकीच्या उच्चाराने. मी उच्चार सुधारायला गेलो, तर तो खुर्चीवाला म्हणाला, "आधी पी, मग शिकव." मी प्यालो. थुंकलो नाही. एवढं एकदा माफ करा.

टॉमलिनची नोकरी गेली, पण हॅलमने घर त्याच्याकडेच ठेवलं. मिसेस लॅमने त्याला आपल्याकडे तळघर सांभाळायला बोलावलं आहे. तिने त्याला आधी चार शिव्या घातल्या, मग मटणाची कचोरी वाढली. रोज विचारते, "टॉमलिन, फुलांचा वास कसा आहे?" तो म्हणतो, "तुझ्यासारखाच." दोघेही खूश आहेत.

हॅलम मला म्हणतो, टॉमलिनची जागा घे, इथेच राहा. ऑक्टोबरच्या मध्यावर माझी बोट आहे. मी हॅलमला किंवा बोटीच्या कंपनीला अजून काही कळवलं नाही. तुमच्याकडून उत्तर आलं तर त्याप्रमाणे करीन. नाही आलं, तर तेही उत्तरच समजेन.

माड उतरवणाऱ्या जानूचा मुलगा,
लवू


मुक्काम पावस, खालची वाडी, तालुका रत्नागिरी
ता. १६ सप्टेंबर १९२९

प्रिय लवूदादा,

आई-बाबांचा तुला आशीर्वाद, माझा नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुसरं मी सावकाशच वाचलं. बाबा म्हणतात ते जसंच्या तसं लिहिते आहे, शाळेतली भाषा घालू नकोस असा हुकूम आहे. त्यांचं सुरू झालं:

पोरा, गौरी-गणपती पोचवले, सगळी खुशाल हाव. तुजा पाय नीट हाय हे बरं झालं. शिडीवरनं पडलास, कारण तू हातानं धरली असशील. माड पायानं धरायचा असतो. किती येळा सांगितलं.

तुज्या पत्रात एक गोष्ट चुकीची हाय, ती आधी सांगतंय. मी 'होय गुरुजी' बोललो तो राग नव्हता. चार मानसांत तू खोटा पडू नयेस, एवडंच मनात आलं. बाहेर आलो आणि तरीत बसल्यावर मला हसू फुटलं. तरवाला रावजी बोलला, काय रे जानू, खुळावलास? मेल्या, तुजं नाक नि माजं नाक बघून हेडमास्तर आंधळा असता तरी वळखला असता! धनी म्हने!

आनि वळखलानच. आठ दिसांनी मास्तराचा निरोप आला, जागा तुमच्या मुलाला दिली, धाडून द्या. 'तुमच्या मुलाला' असंच बोलला. मी रत्नागिरीला गेलो नि सांगितलं, पोरगा मुंबईला गेला. मास्तरानं मला खुर्चीत बसवलान, चाय पाजलान.

दुखलं ते येगळंच. त्या दिवशी तुजी आये कुळथाचं सांबारं करून बसली व्हती. तू येशील म्हनून मी पन जेवलो नाय. तू आलास नाय. त्याच्या पुडच्या दिवशी पन नाय. बस, एवडंच दुखलं.

(इथे बाबांनी धार लावलेली कोयती पुन्हा घासायला घेतली. आई आत गेली. — राही)

आता त्या म्हाताऱ्याचं. नाकात गाईचं तूप कोमट करून दोन थेंब, रोज सकाळी. अकरा वर्सांचं हाय, बरं व्हायचं नाय, पन त्याला वाटंल कोनीतरी इचारतंय. त्या बाईला सांग, तिसऱ्यांत नारळ घातल्याबिगर खाऊ नको. आनि जवाला माड लागत नाय, चढायला लागत नाय, म्हंजे पडायची भीती नाय. मग त्यात मजा ती काय?

पन हंडा फोडलान तो मालक चांगला. आपला हंडा फोडायला छाती लागते.

पत्र राहीनं पडवीत वाचलान. मग रघूनं तिला आपल्या दुकानावर वाचायला लावलान. मग हौसाची सासू बोलली, परत वाच, मला ऐकू आलं नाय. आता पोरं मला 'जॅनू' बोलतात. मी कोयती दाखवतो तेवा पळतात.

ऱ्हा की ये, ते मी सांगत नाय. तिथं मानानं ऱ्हायलास तर मला आनंदच हाय. हिथं आलास तर माड हायेतच. चौदा माड अजून मीच चढतो, आनि गुडघे रोज तुज्या नावानं शिव्या देतात. नारळी पुनवेपासनं आगबोटी सुरू झाल्यात. शुक्रवारी मुंबईची बोट लागते तेवा भगवती बंदरावर माजं काम असतंच.

(दादा, बंदरावर त्यांचं काहीएक काम नसतं. ते नुसते जातात, उतारू आणणारे पडाव रिकामे होईपर्यंत उभे राहतात आणि परत येतात. गेल्या शुक्रवारी आईही गेली होती. — राही)

एवडंच. बाकी तू शाना हायेस. खाली माजं नाव राही लिवतंय ते नीट वाच. त्यात गडी-बिडी काय नाय.

लवूचा बापूस,
जानू